अंड्यांची पातेली

मी एक जुनी पातेली आहे. दांड्याची, ॲल्युमिनियमची, चार कप चहा मावेल एवढी. माझ्या पोटाला एका बाजूने पोचा आहे आणि दांड्याचा स्क्रू ढिला आहे. मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, ही अजून भंगारात कशी गेली नाही? बरीच वर्षे मलाही तोच प्रश्न पडत होता. आता त्याचे उत्तर मला ठाऊक आहे, म्हणून सांगायला बसले आहे. मात्र आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट क्षमेची नाही. ॲल्युमिनियम लवकर तापते आणि लवकर निवते असे म्हणतात. मी एकदा तापले ती निवलेच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गोल पत्रा, त्यावर साच्याचा एक दणका, मग घासणे आणि चमकवणे. तिथून मी तुळशीबागेतल्या एका दुकानात आले आणि दारावर दोरीला लटकू लागले. वारा आला की आम्ही साऱ्या पातेल्या एकमेकींवर आपटत असू. त्या दिवसांत मला कुणाचाच राग नव्हता.

एके दिवशी एक नवी नवरी आली. हिरवा चुडा अजून हातात होता. तिने मला उलटे केले, बोटाच्या पेराने ठोकून पाहिले, आवाज ऐकला आणि हसली. दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावे घालणारा माणूस बसे. त्याने विचारले, "कुणाचं नाव घालू? सासऱ्यांचं की मिस्टरांचं?"

ती म्हणाली, "नुसतं हेमा घाला."

त्याने वर एकदा तिच्याकडे पाहिले आणि माझ्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी ती दोन अक्षरे कोरली. दुखले, पण मिरवण्यासारखे दुखणे होते ते.

हेमाचे घर शनिवार पेठेत होते. दोन खोल्या, एक खिडकी, आणि फळीवर ओळीने मांडलेली भांडी. तिच्या सासूबाई हयात नव्हत्या, पण त्यांचे नाव प्रत्येक वाटीवर, प्रत्येक तांब्यावर होते. हेमाचे नाव असलेली मी एकटीच. त्या घराला तिने पहिला चहा करून दिला तो माझ्यातून. आले ठेचायचे, गवती चहाच्या दोन काड्या मोडून टाकायच्या, दूध घालून एक उकळी येऊ द्यायची आणि दुसरी यायच्या आत मला उतरवायचे. हेमाचा हात दांड्यावर असला की मला उतू जावेसेच वाटत नसे. येणारा जाणारा म्हणे, "वहिनी, चहा करावा तर तुम्हीच." हेमाचा नवरा दत्तप्रसाद मितभाषी होता, पण रिकामा कप पुढे करायचा. ती त्याची दाद. मला वाटे, दाद माझी आहे.

त्या घरावर अजून एका व्यक्तीची नजर असे. दत्तप्रसादची थोरली बहीण, दुर्गाबाई. हेमा त्यांना वन्सं म्हणायची. दोन गल्ल्या सोडून त्या राहत, आणि आईमागे आईची शिस्त आपणच चालवायची असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. आल्या की आधी फळीवरून बोट फिरवत. मग बोटाकडे पाहत. मग हेमाकडे.

हेमाला मुलगा झाला, योगेश. तो लहान असताना त्याला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण पोर नुसते काडी होऊन राहिले. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडे द्या. त्या घरात अंडे कधी आले नव्हते. हेमाने ते पदराच्या घडीत लपवून आणले आणि भांड्यांच्या फळीसमोर उभी राहिली. तिचा हात सगळ्या भांड्यांवरून फिरला. पितळेच्या पातेल्यापाशी थांबला, पुढे सरकला. स्टीलच्या पातेल्यापाशी थांबला, पुढे सरकला. शेवटी माझ्यावर येऊन टेकला.

मित्रांनो, माझ्या मनातली पहिली ठिणगी ती. एवढी भांडी होती. विटाळायला तिला मीच सापडले.

मग रोज सकाळी असे चाले. आधी चहा, मग अंडे, मग काथ्याने माझी चामडी सोलवटेपर्यंत घासणे. पोर मात्र बाळसे धरू लागले. मी म्हटले, जाऊ दे. चहाही माझाच आहे ना अजून.

चैत्रात हेमाने गौरीचे हळदीकुंकू ठेवले. तिने ठेवलेले ते पहिलेच. पहाटे उठून कैऱ्या उकडल्या, पन्हे केले, वाटली डाळ केली, कलिंगडाचे कमळ कापले. बायका जमल्या. बाहेरच्या खोलीत मोगऱ्याचा वास सुटला होता. आतल्या खोलीत मी स्टोव्हवर होते, कारण योगेशचे अंडे सकाळच्या घाईत राहून गेले होते. दुर्गाबाई पन्ह्याचे भांडे घ्यायला आत आल्या. त्यांनी माझ्यात डोकावून पाहिले.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि थंड आवाजात म्हणाल्या, "बायांनो, इथे कुणी काही तोंडात घालू नका. आत अंडं उकडतंय. कुंकू लावून घ्या आणि निघा."

बायका उठल्या. कुणी हेमाकडे पाहिले नाही. पन्ह्याचे पातेले भरलेले तसेच राहिले, वेलदोड्याचा वास येत राहिला. दत्तप्रसादने वर्तमानपत्र तोंडासमोर धरले होते. दुर्गाबाई हेमाला म्हणाल्या, "ती पातेली दाराबाहेर. आत्ताच. आणि यापुढे या घरचा चहा मला नको."

मित्रांनो, ऐका आता. दुर्गाबाईंनी बोट दाखवले, पण मला उचलले ते हेमाने. तिच्याच हाताने. गरम पाण्यासकट. दाराबाहेर ठेवताना मी उंबऱ्यावर आपटले आणि माझ्या पोटाला हा पोचा पडला. तिचे नाव माझ्या अंगावर होते आणि तिने मला चपलांच्या शेजारी ठेवले.

त्या दिवशी मी शपथ घेतली. एक दिवस मी पुन्हा ओट्यावर जाईन. माझ्यात चहा होईल. आणि तो दुर्गाबाईंच्या पुढ्यात मांडला जाईल, चारचौघांत. त्यांनी प्यावा की न प्यावा, त्यांचे त्यांनी पाहावे. पण त्यांना तो बघावा लागेल. आणि हेमाला? हेमाला काय करायचे ते माझे ठरत नव्हते, पण तिला सोडायचे नाही एवढे ठरले होते.

तोवर मला जमण्यासारखा सूड मी घेत राहिले. हेमा बाहेर स्टोव्हवर अंडे उकडायला लागली की मी मुद्दाम थरथरायची. अंडे तडकायचे, पांढरे धागे पाण्यात सुटायचे. दांड्याच्या मुळाशी पत्र्याची पट्टी आहे. तिथे हेमाचे बोट गेले की मी चटका दिलाच. आतून मी काळी पडले, इतकी काळी की घासून घासून ती दमली. माझ्या जागी चहाला स्टीलचे पातेले आले. त्याच्या अंगावर तिच्या सासूबाईंचे नाव. त्या चहाला कुणी नावाजल्याचे मी ऐकले नाही. भिंतीपलीकडून कान देऊन ऐकत असे, तरीही.

मग ते सारे कर्वेनगरला राहायला आले. फ्लॅट, लिफ्ट, मोठा ओटा. सामान हलवताना बोहारीण आली होती. हेमाने तिला जुन्या साड्या दिल्या, चेपलेले डबे दिले, सासूबाईंचे एक गळके घंगाळसुद्धा दिले. बोहारणीने मला उचलले. हेमा म्हणाली, "ती नाही."

मला वाटले, सुटका होण्याचीही लायकी नाही आपली. इथेही हिने मला छळायला ठेवले आहे.

कर्वेनगरला मला गॅलरीत जागा मिळाली, चपलांच्या मांडणीवर, उपडी. योगेश शिकायला बाहेरगावी गेला आणि माझी अंडीही संपली. माझ्यात कपड्यांचे चिमटे राहिले काही वर्षे. एकदा कुणीतरी मला सरळ करून विसरले, तर एका कबुतरीने काड्या आणून माझ्यात दोन अंडी घातली. अंडी काही माझा पिच्छा सोडेनात. हेमाने ती पिल्ले उडून जाईपर्यंत मला हलवले नाही. कबुतरीवर तिचा एवढा जीव, आणि मी मात्र तिच्या लेखी नुसता पत्रा. मी तेही मनात ठेवले.

दत्तप्रसाद गेला. फोटोला हार चढला. दुर्गाबाई दहा दिवस येऊन बसल्या, पण चहा घरून थर्मासात आणायच्या.

योगेशने लग्न केले ते तनुजाशी. तनुजा वाघोलीची, मराठी ख्रिस्ती घरातली. दुर्गाबाई लग्नाला आल्या नाहीत. नातेवाइकांत म्हणाल्या, "अंडं घरात आलं तेव्हाच मी सांगितलं होतं, मागून काय काय येईल." हे हेमाच्या कानावर आले. हेमा काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नसे, म्हणून तर मला तिचा एवढा राग.

नव्या सुनेला तिने घर दाखवले. हा ओटा, हे डबे, हे देव. मग गॅलरीत आणून मला दाखवले. "अंडी हवी असली तर यात. इथेच, विजेच्या शेगडीवर. आत नको."

हेमा आत गेल्यावर तनुजाने मला उचलले, पुसले, पोच्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "चला, या घरात ओळखीचं कुणीतरी भेटलं."

तिच्या हातून मी एकही अंडे तडकू दिले नाही.

तनुजाला दोन मुले झाली. मुक्ताई, जी आता तिसरीत आहे, आणि तेजस, जो शाळेत नुकता जाऊ लागला आहे. दर ईस्टरला तनुजा त्यांना घेऊन वाघोलीला आईकडे जाई. तिथून मुले परत येत ती लालसर तपकिरी अंडी घेऊन, आणि प्रत्येक अंड्यावर पांढऱ्या पानाची नक्षी. ती अंडी गॅलरीतच सोलली जात. हेमा दारातून बघे आणि आत जाई.

यंदा तनुजाच्या आईचा मोतीबिंदू काढला होता. डॉक्टरांनी धुरावाफेजवळ जायला मना केले. मुले हिरमुसली. तनुजा म्हणाली, "मग इथेच करू." आणि इकडेतिकडे बघत, जरा हळू, "गॅलरीत करू."

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून तयारी सुरू झाली. तनुजाच्या आईने ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळभर साठवलेली कांद्याची टरफले योगेशने पिशवी भरून आणली होती. त्या फोनवर सांगत होत्या, "टरफलं हात आखडून घालू नको गं. आन् शिरका इसरू नको, न्हाईतर रंग धरत न्हाई. पोरांचं काय चाललंय? हाय का लक्ष?"

लक्ष होते. मुक्ताई फरशीवर मांडी घालून बसली होती. ती कोथिंबिरीचे एकेक पान निवडायची, पाण्याचे बोट लावून अंड्यावर चिकटवायची, मग वरून जुन्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून दोऱ्याने घट्ट बांधायची. पानाखाली रंग पोहोचत नाही, म्हणून तिथे नक्षी उठते. तेजसचे पान दर वेळी घसरून त्याच्या बोटाला चिकटे. तो म्हणे, "माझं बोटच उकडा." मी टरफलांनी भरले होते आणि शेगडीवर तापत होते. पाण्याला विटेसारखा रंग येऊ लागला होता.

पण चैत्रातले ऊन. कर्वेनगरची ती गॅलरी पश्चिमेची, दुपार कलली की फरशीवर पाय ठरत नाही. मुक्ताई एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभी राहू लागली. तेजसला चपलांच्या मांडणीवर बसवले. तेवढ्यात विजेच्या शेगडीतून चर्र आवाज आला आणि ती बंद पडली. पाणी आधण येता येता थांबले.

तनुजा नुसती उकिडवी बसून शेगडीच्या वायरीकडे बघत राहिली. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता.

दारातून हेमाचा आवाज आला. "मुलं उन्हात कशाला ती. आत या."

तनुजा म्हणाली, "आई, हे उकळायचंय अजून. अंडी राहिलीत."

"मग आत आणायला पाय नाहीत का अंड्यांना? आणा ओट्यावर."

मित्रांनो, मी उंबरा ओलांडला. ज्या उंबऱ्याने मला पोचा पाडला तो शनिवार पेठेत राहिला, पण उंबरा म्हणजे उंबराच. तनुजाच्या हातात मी थरथरत होते आणि या वेळी मुद्दाम नाही. तिने मला मोठ्या शेगडीवर ठेवले. शेजारी ते स्टीलचे पातेले होते. मी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

पाणी खदखदू लागले. तनुजाने शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतला. बांधलेली अंडी एकेक करून माझ्यात उतरली. मुले स्टुलावर चढून डोकावत होती. हेमा ओट्याला टेकून उभी होती, हात पदराला पुसत, जणू पदर फारच ओला होता.

आणि दाराची बेल वाजली.

योगेशने दार उघडले. "आत्या, तू? कळवायचं तरी."

"डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आले होते, इथे कोपऱ्यावरच. रिक्षा मिळेना. म्हटलं, भावाचं घर आहे तर टेकावं जरा." काठीचा आवाज आला, ठक, ठक. "डाळ आणलीये वाटलेली. चैत्र आहे, म्हटलं तुमच्याकडे आता कोण करत असेल."

तो आवाज मी इतक्या वर्षांनीही ओळखला. माझ्यातले पाणी एकदम वर आले.

तनुजानेही ओळखला. तिने पटकन गॅस बंद केला, फडक्याने माझा दांडा धरला. मुलांना म्हणाली, "चला, बाहेर नेऊ हे." मला उचललेदेखील. मी गॅलरीच्या दाराकडे जाऊ लागले. मनात म्हटले, झाले. दुसऱ्यांदा. तोच चैत्र, तीच बाई, आणि याही वेळी हेमा गप्पच बसणार.

"कुठे निघालीस?" हेमा म्हणाली.

"आत्या आल्यात. बाहेर ठेवते."

"ठेव ती जागेवर. रंग यायचाय अजून."

"आई, उगाच—"

"तनुजा. जागेवर."

मी पुन्हा शेगडीवर आले. हेमाने स्वतः गॅस पेटवला.

दुर्गाबाई आत येऊन जेवणाच्या टेबलापाशी बसल्या. कर्वेनगरच्या त्या घरात टेबल आणि ओटा एकाच खोलीत आहेत, त्यामुळे काहीच झाकलेले नव्हते. त्या आता खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. डोळ्यांत औषध घातल्यामुळे पाणी येत होते, पण नाक शाबूत होते.

"कसला वास हा?"

"शिरक्याचा," हेमा म्हणाली. "आणि कांद्याच्या टरफलांचा."

"आणि?"

"आणि अंड्यांचा."

दुर्गाबाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. "ओट्यावर? कोंबड्या कुठे ठेवल्यात, देवघरात?"

"नाही, लिफ्टने खाली गेल्यात," हेमा म्हणाली. "सण आहे उद्या."

"त्यांचा सण."

"त्यांचा म्हणजे कुणाचा? माझ्या नातवंडांचा."

तनुजा वळली नाही. ती चमच्याने अंडी हलवत राहिली, पण हलवण्याची काही गरज नव्हती.

मुक्ताई म्हणाली, "आत्याआजी, तुम्हाला दाखवू? सोडायची वेळ झाली." हेमाने माझ्यातून अंडी काढून ताटलीत ठेवली. मुले दोरे कापू लागली. ओढणीचा तुकडा सुटला, पान गळले, आणि लालसर अंड्यावर कोथिंबिरीचे पांढरे पान उमटलेले दिसले, शीर न् शीर. तेजसचे पान पुन्हा घसरले होते. त्याच्या अंड्यावर फक्त त्याच्या बोटाचा ठसा राहिला होता. तो खूश झाला. "हे माझंच आहे, कुणी म्हणूच शकत नाही."

हेमाने माझ्यातले पाणी ओतून दिले, मला धुतले. तेव्हा मुक्ताई म्हणाली, "आजी, बघ. आतून पांढरी झाली."

खरेच. शिरक्याने माझा सारा काळेपणा खाऊन टाकला होता. तुळशीबागेत होते तशी मी लखलखत होते. हेमाने मला नळावरच्या दिव्याच्या उजेडात धरले, काठाखालच्या दोन अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग माझ्यात पाणी घातले. आले ठेचले. गवती चहाच्या दोन काड्या मोडल्या. एक उकळी येऊ दिली, आणि दुसरी यायच्या आत मला उतरवले. इतक्या वर्षांत तिचा हात चुकला नव्हता. आणि मी उतू गेले नाही.

चहा कपांत गाळून झाल्यावर हेमाने मला सिंकमध्ये ठेवले नाही. मला उचलून टेबलावर नेले आणि दुर्गाबाईंच्या पुढ्यात ठेवले. बाजूला एक कप.

"वन्सं, ओळखलंत का हिला?"

दुर्गाबाईंनी डोळे पुसले. वाकून पाहिले. त्यांची नजर पोच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

"तीच का ही?"

"तीच. आत्ताच अंडी उकडलीयेत हिच्यात, तुमच्यादेखत. मग घासून चहा टाकलाय. फसवून पाजायचा नाही मला तुम्हाला, म्हणून सांगते. घ्यायचा तर घ्या. नको असेल तर या घरात दुसरा चहा नाही."

योगेश म्हणाला, "आई, अगं—"

"तू पी तुझा. तू जगलास त्या अंड्यावर, तुला बोलायचं काम नाही."

दुर्गाबाईंनी काठी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाल्या, "मुद्दाम करतेयस."

"हो. तुम्हीही त्या दिवशी मुद्दामच केलं होतंत."

"तेव्हा जग तसं होतं, हेमा."

"जग पन्हं प्यायला आलं होतं. तुम्ही उठवलंत त्याला."

"इतकी वर्षं मनात ठेवलंस?"

"मनात कुठे? गॅलरीत ठेवलं होतं."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पत्र्यातून काहीतरी सरकन गेले. बोहारीण आठवली. 'ती नाही.' कबुतरीची पिल्ले आठवली. मी समजत होते की सूड माझा आहे आणि हेमा विसरली आहे. ती काहीच विसरली नव्हती. तिने मला उपडी घालून जपून ठेवले होते, जशी एखादी बाई धार लावलेली विळी आडवी करून ठेवते.

मग ती तनुजाला म्हणाली, दुर्गाबाईंना ऐकू जाईल अशा बेताने, "बाकीच्या सगळ्या भांड्यांवर सासूबाईंचं नाव होतं. त्यात अंडं घालायचा मला हक्क नव्हता. माझं म्हणावं असं हे एकच होतं."

म्हणजे त्या सकाळी तिचा हात सगळ्यांवरून फिरून माझ्यावर येऊन टेकला तो या कारणाने. मला हे आधी सांगितले असते तर काय बिघडले असते? पण हेमा बोलणाऱ्यातली नाही.

सगळ्यांनी चहा प्यायला. तनुजाने फुर्र करून प्यायला, जरा जास्तच मोठ्याने. मुलांना बशीत ओतून मिळाला. योगेश म्हणाला, "आई, आज चहा काहीतरी वेगळाच झालाय." दुर्गाबाईंच्या कपावर साय धरत होती. त्या कपाकडे बघत नव्हत्या, आणि त्या बघत नाहीत हे सगळ्यांना दिसत होते. मला दुसरे काही नको होते.

योगेशने फोनवरून रिक्षा बोलावली. ती यायला वेळ लागला. तोवर मुक्ताईने प्रत्येक अंड्यावर तेलाचे बोट फिरवून चमक आणली आणि एक अंडे पुढे केले. "आत्याआजी, हे न्याल का? खायचं नसलं तर नुसतं ठेवा."

दुर्गाबाई म्हणाल्या, "नको गं बाळ. घरी विचारायला कुणी नाही, पण नको." आवाज जरा खाली आला होता. त्यांनी पाणी मागितले. हेमाने दिले. ते प्यायले त्यांनी.

दारापर्यंत त्या गेल्या, काठी ठक, ठक. उंबऱ्यापाशी वळल्या. "हेमा, दांड्याचा स्क्रू ढिला आहे तिचा. पिळून घे. चहा अंगावर सांडायचा कुणाच्या तरी."

"बघते," हेमा म्हणाली. "डाळीचा डबा राहू दे इथे. योगेश आणून देईल."

लिफ्टचे दार लागले. त्यांची वाकलेली पाठ मी पाहिली. मला दया यायला हवी होती, गोष्टींत येते तशी. आली नाही.

हेमा परत आली. दुर्गाबाईंचा गार झालेला कप तिने उचलला, साय बोटाने बाजूला केली आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला. मग उरलेला चहा गरम करायला मला शेगडीवर ठेवले. तनुजा म्हणाली, "आई, दुसरा कप घेणार?"

"घेते. आज घेते."

मला उतरवताना तिचे बोट दांड्याच्या मुळाशी, त्या पट्टीवर गेले. मित्रांनो, सगळे कळले होते मला. ती माझी वैरीण नव्हती हेही कळले होते. पण दाराबाहेर ठेवणारा हात हाच होता, आणि इतक्या उन्हापावसाचा हिशेब एका चहात कसा मिटेल? मी चटका दिला.

हेमाने बोट तोंडात घातले. माझ्याकडे बघितले आणि हळूच म्हणाली, "अजून राग आहे वाटतं."

आहे. पण आता मी ओट्यावरच्या मांडणीत आहे, स्टीलच्या पातेल्याच्या वरच्या कप्प्यात. सकाळी माझ्यात चहा होतो. अंडीही माझ्यातच होतात, आतच, आणि मध्ये मला नीट घासतात. दर ईस्टरला टरफले उकळायची ती माझ्यातच, असे मुक्ताईने जाहीर केले आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी गॅलरीत, माळ्यावर, चपलांच्या मांडणीवर एखादे भांडे उपडे पडले असेल. त्याला एकदा सरळ करून बघा. त्यावर कुणाचे नाव आहे ते वाचा, आणि ते बाहेर का गेले ते घरातल्या मोठ्यांना विचारा. त्याला घासा, पुसा, पुन्हा शेगडी दाखवा. आम्ही भांडी तुमची सेवा करतो, पण आम्ही विसरत नाही. म्हणून प्रेमाने धरा आम्हाला.

आणि दांडा फडक्यानेच धरा.